साहेबांच्या हातातला जिताडा

मला मासे धरण्याची हौस कधीच नव्हती. पोटासाठी ज्याला मासा धरावा लागत नाही, त्यानं करमणूक म्हणून गळ टाकून बसावं हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. तरी एकदा मी मुंबईच्या एका बड्या साहेबाला मासेमारीची सैर घडवायला होरीत, म्हणजे कोळ्यांच्या होडीत, बसलो, हाताला फोड येईस्तोवर वल्हं मारलं, आणि त्याच्याच गळाला मासा लागावा म्हणून जिवाचं रान केलं. का केलं, ते ऐका.

मराठी राज्याच्या चळवळीचे दिवस होते. मी विशीतला. घर आतल्या गावातलं, भातशेतीचं. पत्रकं लिहायची, तालुक्याला छापून आणायची, आणि बाजारात, यष्टीच्या थांब्यावर, रेवसच्या लाँचवर वाटायची, हे माझं काम. पत्रकातलं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं पाहिजे, असं आम्हांला शिकवलेलं. ते मला बरं जमायचं.

मांडव्याच्या खालच्या अंगाला, खाडी दर्याला मिळते तिथं एक कोळवाडी आहे. तिथल्या तांडेलाच्या ओटीवर माझा मुक्काम असायचा. तांडेल म्हणजे होरीचा मालक आणि होरीतला शेवटचा शब्द. माणूस कमी बोलायचा. त्याची भरपाई त्याची बायको करायची. मी तिला वहिनी म्हणे. ती मला पुढारी म्हणे, आणि तो शब्द तिच्या तोंडून कधी मानाचा वाटला नाही.

"पुढारी, तुमचा कागद बाकी चांगला," ती म्हणायची. "सुकट बांधायला. शाई लागत नाय सुकटीला."

या वाडीच्या होड्या लागतात तिथून सुरूच्या झाडांतून वर एक पायवाट जायची. अर्ध्यावर उंडीच्या झाडाखाली देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला. तिथून पुढं गाडीरस्ता. त्या वाटेनं बायका माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर जात आणि बाजाराची पहिली यष्टी धरत. किती पिढ्या, ते कुणी मोजलं नव्हतं. मोजायची गरजच पडली नव्हती.

पावसाळ्यात ती पडली. होड्या झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या, माणसं घरात, आणि तेवढ्यात साहेबांनी वाटेवर काटेरी तार ओढली. साहेब म्हणजे मुंबईचे नामांकित वकील. सुरूचं बन त्यांनी विकत घेतलं होतं, बंगला बांधला होता, आणि आता जागेला कुंपण पाहिजे होतं. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर म्हणाले, "वाट नकाशावर दाखवा, मी आज मोकळी करतो." नकाशावर वाट नव्हती. नकाशा काढणारा कधी डोक्यावर पाटी घेऊन चालला असता तर असती.

मला संताप कशाचा आला सांगू? हेच साहेब आमच्या एका सभेचे अध्यक्ष होते! मराठी माणसाच्या हक्कावर असे बोलले की टाळ्या थांबेनात. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं: 'मराठी राज्य पाहिजे, पण मराठी बाईला वाट नको!' ते वाक्य मला अजूनही आवडतं. त्यानं तार मात्र हलली नाही.

बायकांना आता खाडीच्या बाजूनं वळसा घालावा लागे. चिखल, तिवरांची खुंटं, आणि भरती असली तर कमरेइतकं पाणी. वहिनी बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसलेलं असायचं. मऊ पडलेला मासा पडेल त्या भावाला द्यायचा, नाहीतर परत आणून खारवायचा. तिचा आवाज कमी झाला नव्हता, पण संध्याकाळी पायाला तेल चोळताना ती गप्प बसायला लागली होती, आणि ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचत होतं.

नारळी पुनव झाली, नारळ दर्यात गेला, होड्या बाहेर पडल्या. मासे येत होते, पण जिताडा येत नव्हता. खाडीच्या तोंडचा जिताडा म्हणजे या किनाऱ्याचा राजा मासा. त्याच्या हंगामावर वाडीचं वर्ष चालतं. मी विचारलं, तर वहिनी म्हणाली, "वाट मोकळी झाल्याबिगर जिताडा नाय." मला वाटलं, वा! हा सत्याग्रह आहे. मी खूश झालो आणि त्यावरही एक पत्रक लिहिलं.

अशात साहेबांचा निरोप आला. शिमग्याच्या सुमारास, कुंपणाच्या आधी, तांडेलानं त्यांना शब्द दिला होता की पावसाळा संपला की तुम्हांला होरीतून गळाच्या मासेमारीला नेईन. आता साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते आणि शब्दाची आठवण करून देत होते.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "बहिष्कार घाल!"

"शब्द दिलाय," तांडेल म्हणाला.

"त्यानं तुझ्या बायकोची वाट अडवलीय!"

"त्यानं अडवली. मी शब्द दिला. ही दोन कामं वेगळी हायत."

वाडीतला एकही माणूस साहेबांसाठी वल्हं धरायला तयार होईना. होरीला दुसरा गडी लागतोच. तेव्हा मी म्हटलं, मी येतो. वहिनी हसली. "तुमी? कनाला? मासा बघून तुमी भाषण कराल."

"माशाला नाही, साहेबाला करीन," मी म्हटलं. "बंगल्यात बोलायला लागलो की आत निघून जातो. होरीतून उठून कुठं जाईल?"

तांडेलानं एवढंच बजावलं: "होरीत भांडान नाय. दर्यात माझा शब्द."

सकाळी भरती चढत असताना निघालो. साहेब एकटेच आले. पाहुणे बंगल्याच्या व्हरांड्यात दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन बसले होते. साहेबांनी खाकी अर्धी विजार घातली होती, डोक्यावर हॅट, आणि हातात गळाची विलायती काठी, तिला चकचकीत चकरी. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे! आपण तर ते पत्रकवाले!"

"होय," मी वल्हं पाण्यात घालत म्हटलं. "वाचता ना?"

"वाचतो. भाषा जोरकस आहे. मुद्दा कच्चा आहे."

मग काय, मी सुटलो. वाट म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, नकाशा आधी की माणूस आधी, सगळं काढलं. साहेब कोर्टात बसल्यासारखे ऐकत होते आणि मी श्वास घ्यायला थांबलो की शांतपणे एकेक मुद्दा खोडत होते. आवाज चढला तसा तांडेलानं सुकाण्यावरून माझ्या पाठीत पायानं ढोसलं.

"वल्हं मार," म्हणाला. "तोंडानं होरी जात नाय."

साहेब खदखदून हसले. मी वल्हं मारू लागलो. पण मनात म्हटलं, हसून घ्या.

तांडेलानं होरी खडकांच्या बाहेरच्या बाजूला लावली. साहेबांनी गळाला कोळंबी टोचली, झोकात फेकली. हात सराईत होता, हे कबूल करायला पाहिजे. एक शिंगाळा लागला, मग दोन चार खडकातली पिल्लं, पुन्हा शिंगाळा. शिंगाळ्याचा काटा तांडेलानं पकडीनं मोडला आणि मासा टोपलीत टाकला. ऊन वर आलं. साहेबांचा चेहरा उतरायला लागला.

"तांडेल, मी जिताड्यासाठी आलो. हे काय शिंगाळे?"

"पाणी बरोबर नाय, साहेब."

मी आतल्या गावचा असलो तरी खाडीकाठचा आहे. भरती नुकती फिरली होती. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडातून गढूळ पट्टा काढत बाहेर येत होतं, आणि त्या पट्ट्याच्या कडेला बोयटं, जिताड्याचं आवडतं खाणं, चांदीच्या चिमट्यांसारखी उड्या मारत होती. बोयटं उगाच उडत नाहीत. खालून कुणीतरी मागं लागलेलं असतं. पाणी बरोबर होतं. तांडेल खोटं बोलत होता, आणि या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

साहेब नाळेवर, होरीच्या पुढच्या टोकाला, सरकून गळ सोडवत बसले होते. मी मागं वाकून हळूच विचारलं, "जिताडा तिथं तोंडाशी आहे ना?"

"हाय."

"मग इथं का थांबलास?"

 मग त्यानं सांगितलं. नारळी पुनवेनंतर वाडीच्या होरीत आलेला पहिला जिताडा देवीचा. ज्याच्या गळाला लागला त्यानंच तो दोन्ही हातांवर घ्यायचा, मग तो वाडीचा असो की परका. मासा जमिनीला टेकवायचा नाही, माघारी न्यायचा नाही. होडीपासून देवीपर्यंत त्याच वाटेनं न्यायचा, दुसऱ्या नाही. मागून सगळी वाडी चालते. देवीला दाखवून झाल्यावरच बाकीच्यांनी जिताड्याचे गळ टाकायचे.

म्हणजे सत्याग्रह वगैरे काही नव्हता. पहिला जिताडा धरला तर न्यायचा कुठून, याला उत्तर नव्हतं, म्हणून सगळे थांबले होते. वाटेबरोबर हंगामही तारेत अडकला होता.

"न् आता ह्याच्या गळाला लागला," तांडेल म्हणाला, "तर मान ह्याला देयाचा? ज्यानं वाट बंद केली त्याला? माझी बायको मना घरात घेल का?"

माझ्या डोक्यात तेव्हा जे पेटलं, ते आजवर एकाही पत्रकानं पेटवलं नाही. मी वल्हं सोडूनच दिलं.

"अरे, त्यालाच दे मान!" मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाच्या गळाला लागून उपयोग काय? आपल्यातला कुणी मासा घेऊन कुंपणाशी गेला तर हा साहेब राखणदाराला सांगेल, हाकलून दे. त्याच्याच हातात जिताडा असला तर तो कुणाला हाकलणार?"

 तांडेलाच्या मिश्या हलल्या. हसला असावा.

"पर फसवायचा नाय," तो म्हणाला. "दर्यात फसवायचा नाय."

"फसवू नको. रिवाज सांग त्याला. आधी सांग, मग होरी वळव."

त्यानं सांगितला. होय, अगदी सगळा सांगितला: हातावर घ्यायचा, टेकवायचा नाही, माघारी फिरायचं नाही, जुन्या वाटेनं देवीपर्यंत. शेवटी म्हणाला, "कबूल असंल तर तोंडाशी नेतो. नसंल तर घरी जाऊ."

साहेबांचे डोळे चमकले. "कबूल म्हणजे काय! अहो, हा तर मान आहे! मी स्वतः नेईन, अनवाणी नेईन."

"जुन्या वाटेनं," तांडेल पुन्हा म्हणाला.

"हो हो, जुन्या वाटेनं. चला!"

कोर्टात एकेक शब्द तपासून घेणारा हा माणूस. पण समोर बोयटं उडत होती.

तोंडाशी गेलो. तांडेलानं पाग, हातानं फेकायचं जाळं, फेकून जिवंत बोयट काढलं, पाठीच्या वरच्या कातडीतून गळ घातला आणि ते गढूळ पट्ट्याच्या कडेला पोहायला सोडलं. "आता हालू नका. खेचल्यासारखा वाटला तरी थांबा. मी बोलल्यावर मारा."

बोयट घाबरून कडेकडेनं पळू लागलं, ते दोरीवर कळत होतं. मग ते थांबलं. मग दोरी सरकायला लागली, सावकाश, कुणीतरी विचार करत चालल्यासारखी.

"थांबा... थांबा... मारा!"

साहेबांनी काठी उचलली आणि पाणी फुटलं. जिताडा अख्खा बाहेर आला, तोंड वासून, डोकं हलवत, आणि असा आपटला की मी चिंब झालो. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

"सोडा! दोर सोडा!" तांडेल गरजत होता. "त्याचा गालाचा पत्रा वस्तरा हाय, तानला की कापंल! सोडा! आता घ्या. घ्या, घ्या... सोडा!"

मासा तिवरांकडे वळला. तिथं मुळांत शिरला की संपलं. "पोरा, वल्हं! मागं घे! मागं!" मी मागं घेतलं. ओहोटीच्या धारेविरुद्ध, छाती फुटेस्तोवर. आयुष्यात कुठल्या मोर्च्यात मी एवढा जोर लावला नव्हता. एकीकडे त्या चकरीचा आवाज, आणि दुसरीकडे माझा स्वतःचाच आवाज ऐकू येत होता: "साहेब, सोडू नका! साहेब, धरा!" वाडीत कुणी ऐकलं असतं तर मला परत ओटीवर घेतलं नसतं.

साहेबांची हॅट पाण्यात गेली, त्यांना पत्ताही नाही. माणसाबद्दल माझं मत काही असो, हाताबद्दल नाही. तांडेल सांगेल तसा तो हात सोडत होता आणि घेत होता. मासा दमला. पिवळट डोळा पाण्यावर आला, मग रुपेरी कूस. तांडेलानं वाकून आकडी घातली आणि जिताडा होरीत आला. लगेच त्यानं तो उचलून साहेबांच्या हातांवर ठेवला; टेकू दिला नाही.

साहेब रडत होते की समुद्राचं पाणी होतं, मला सांगता येणार नाही. "केवढा आहे हो!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

किनारा जवळ येताच तांडेल उभा राहिला आणि त्यानं आरोळी ठोकली: "जिता...डा!" झोपड्यांतून माणसं बाहेर पडली. पोरं, म्हातारी, जाळी विणणारे, सगळे. मग त्यांना दिसलं मासा कुणाच्या हातावर आहे, आणि आरोळ्या थांबल्या.  वहिनी पाण्यापर्यंत आली. तिनं साहेबांकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नुसती मान हलवली, वरच्या अंगाला, तारेकडं.

ती बाई हुशार. तिला सगळं समजायला एवढं पुरलं.

"अगो बायांनो, बघता काय!" ती ओरडली. "आरतीचं ताट आना! साहेबांनी मान मिलवलाय, वाजतगाजत नेऊया!"

ढोल आला. साहेब पुढं, अनवाणी, कोपरापासून पाणी गळतंय, मागं अख्खी वाडी. व्हरांड्यातले पाहुणे टाळ्या वाजवत होते, कॅमेरा रोखलेला. असे आम्ही वर चढलो आणि तारेपाशी येऊन थांबलो.

साहेब तारेकडं बघत राहिले. मला वाटतं, ती तार त्यांनी या बाजूनं पहिल्यांदाच पाहिली.

"बाजूनं जाऊ या," ते म्हणाले.

"बाजूनं चिखल हाय, साहेब," वहिनी म्हणाली. "आमी रोज जातो ना, मना म्हायती. न् आईचा मासा बाजूनं जात नाय."

"मग माझ्या फाटकातून चला. सगळे चला. आजच्या दिवस मी—"

"फाटक तुमचा. वाट आईची. तुमी होरीत काय कबूल केलाव?"

साहेबांनी तांडेलाकडं पाहिलं.  त्याचं होरीतच सांगून झालं होतं. मासा जड होता, आणि निसटता. साहेबांनी तो पुन्हा कोपरांत वर सरकवला. खाली ठेवायची सोय नव्हती, मागं वळायची नव्हती. ढोल हळूहळू वाजतच होता.

ते माझ्याकडं वळले. "अहो, तुम्ही शिकलेले आहात. समजवा यांना."

माझ्यापाशी भाषण तयार होतं. सबंध पावसाळाभर तयार होतं. मी ते केलं नाही. एवढंच विचारलं, मोठ्यानं, व्हरांड्यापर्यंत जाईल असं: "आजच्या पुरती की कायमची? तेवढं सांगा, साहेब. तुमचे पाहुणेही ऐकतायत."

मासा एकदा फडफडला. साहेबांनी तो छातीशी आवळला, सगळा शर्ट खवल्यांनी भरला. आणि मग त्या माणसानं जे केलं त्याबद्दल मी त्याला मान देतो, जन्मभर देईन. त्यानं टाळाटाळ केली नाही. मान वर करून राखणदाराला हाक मारली.

"पक्कड आण. आणि खांब काढून टाक, इथले दोन्ही. कायमचे."

तार तुटली तेव्हा टणत्कार झाला. खांब काढायला राखणदाराची वाट कुणी पाहिली नाही. वाडीच्या गड्यांनी ते मुळासकट उपटले. ढोल असा कडाडला की उंडीवरचे बगळे उठले. वहिनीनं साहेबांना कुंकू लावलं, माशाला लावलं, आणि तारेचं तुटकं टोक पायानं बाजूला सारून ती पहिल्यांदा पलीकडं गेली. तिच्या मागं साहेब. त्यांच्या मागं आम्ही सगळे, आणि मी जे काही गात होतो ते ना देवीचं गाणं होतं ना चळवळीचं.

पुढं मराठी राज्य झालं. पेढे वाटले, मिरवणूक काढली, मी घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. तो आनंद मोठाच होता, नाकारत नाही. पण जिंकणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी मिरवणुकीचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतो.

मी ओटीवर पडलो होतो. हातांना तुपाच्या पट्ट्या बांधलेल्या. खाडीच्या तोंडाशी वाडीच्या सगळ्या होड्या जिताड्याचे गळ टाकून उभ्या. वहिनी डोक्यावर पाटी घेऊन निघाली, पाटीतून एक रुंद शेपूट बाहेर आलेली. ती सरळ सुरूच्या बनात शिरली, खांब उपटलेल्या खड्ड्यांमधून, न थांबता, न वळता. वर रस्त्यावर यष्टीचा भोंगा वाजला तेव्हा ती उंडीपाशी पोचलीसुद्धा होती.

तिथून वळून तिनं हाक मारली, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी:

"ओ पुढारी! सुकटीचे कागद सरले! नवीन छापा काहीतरी!"